ओळखीच्या शब्दांचा चकवा

इ. स. १५८४ साली तीन इंग्रज गोव्यातून निसटून उत्तरेकडे निघाले. न्यूबेरी हा त्यांचा पुढारी, लीड्स हा जवाहिऱ्या आणि राल्फ फिच हा व्यापारी. राणी एलिझाबेथने अकबर बादशहाला लिहिलेला खलिता घेऊन ही मंडळी विलायतेहून निघाली होती. गोव्यात पोर्तुगीजांनी त्यांना तुरुंगात टाकले. त्यांच्या सुटकेसाठी ज्यांनी खटपट केली त्यांत फादर स्टीफन्स हा इंग्रज पाद्रीही होता. पुढे १६१६ साली मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ छापणारा स्टीफन्स तो हाच! सुटकेनंतर तिघे विजापूर, गोवळकोंडा करीत वऱ्हाडातल्या बाळापुरास आले आणि तेथून बऱ्हाणपुरास गेले. या दोन गावांच्या दरम्यानच्या टापूत, नळगंगेच्या काठी, आपले मलकापूर वसले आहे.

फिच सुखरूप मायदेशी परतला आणि त्याने प्रवासाची हकीकत लिहिली. ती आजही वाचायला मिळते. इंग्रजी जाणणाऱ्या वाचकाला वाटते, यात अवघड ते काय? पण गंमत अशी, की बऱ्हाणपुरातल्या ‘विंटर’मध्ये रस्त्यांतून पाणी वाहते आणि घोड्यावाचून चालता येत नाही, असे तो सांगतो. हिवाळ्यात महापूर? महिने पाहावेत तर जून, जुलै आणि ऑगस्ट! पश्चिमेकडून येणारे त्या काळचे प्रवासी आपल्या पावसाळ्यालाच ‘विंटर’ म्हणत. ‘स्टोअर’ म्हणजे त्याच्या लेखी दुकान नव्हे, विपुलता. ‘कॉर्न’ म्हणजे मका नव्हे, धान्य. आणि ‘कॉटन वुल’ वाचून कुणी मेंढ्या शोधू लागेल, तर तो आपला वऱ्हाडचा कापूस!

इंग्लंडात १४८५ पासून १६०३ पर्यंत ट्यूडर घराण्याचे राज्य होते. त्या काळच्या इंग्रजीत असे चकवे जागोजागी आहेत. आज आपण ज्याला कौतुकाने ‘नाइस’ म्हणतो, तो शब्द मुळात ‘अजाण’ या अर्थाचा. ट्यूडर काळातही मूर्ख किंवा फाजील चोखंदळ माणसाला तो लावीत. ‘प्रेझेंटली’ म्हणजे ‘थोड्या वेळाने’ नव्हे, तर ‘ताबडतोब’. ‘मीट’ म्हणजे नुसते मांस नव्हे, कोणतेही अन्न. ‘लेट’ म्हणजे ‘करू देणे’. पण त्याच रूपाचा दुसरा शब्द होता, त्याचा अर्थ ‘अडवणे’! शेक्सपिअरचा हॅम्लेट वाट अडवणाऱ्याला हाच शब्द वापरून दम देतो. हा शब्द अजून मेलेला नाही. आपल्या भारतीय पासपोर्टावर ‘या प्रवाशाला विनाअडथळा जाऊ द्यावे’ अशी इंग्रजीत विनंती असते, तिच्यात तो सापडेल.

यावर इंग्रजीला हसण्याचे कारण नाही. ‘सिली’ म्हणजे मुळात भाग्यवान, मग निष्पाप, मग बिचारा आणि शेवटी मूर्ख. आपल्याकडे ‘देवानांप्रिय’ ही सम्राट अशोकाची पदवी. पुढे संस्कृतात तिचाच अर्थ ‘मूर्ख’ झाला! ‘डिअर’ म्हणजे एकेकाळी कोणताही पशू, आज हरीण. आपला ‘मृग’ही तसाच; एरवी सिंहाला ‘मृगेंद्र’ कशाला म्हटले असते?

आता मलकापूरचेच पाहा. फिच येऊन गेल्यानंतर बारा वर्षांनी, १५९६ साली, वऱ्हाड मोगलांच्या हाती गेले. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त मलकापूरची नोंद आहे, ती नरनाळा ‘सरकारा’तला परगणा म्हणून. येथे ‘सरकार’ म्हणजे राज्यकर्ते नव्हेत, तर सुभ्याचा एक विभाग, आजच्या जिल्ह्यासारखा. त्या ग्रंथातले ‘महाल’ म्हणजे राजवाडे नव्हेत. ते वसुलाचे लहान विभाग. ‘दाम’ म्हणजे किंमत नव्हे, तर तांब्याचे नाणे. चाळीस दामांचा एक रुपया धरीत. तिन्ही शब्द आपण रोज बोलतो, म्हणूनच फसतो. अनोळखी शब्द दिसला की माणूस कोश उघडतो. ओळखीच्या शब्दापाशी तो थांबतच नाही. आजचा अर्थ लावून आकडे वाचले, तर चाळीस रुपयांचा वसूल सोळाशे रुपयांचा होऊन बसेल!

ज्या वर्षी फिच या मुलखातून गेला, त्याच वर्षी, म्हणजे शके १५०६ मध्ये, पैठणास एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. १२९० साली सांगितलेला तो ग्रंथ तोवर पाठांतरात आणि नकलांत अशुद्ध झाला होता. जुना शब्द कळला नाही, की नक्कल करणारा तेथे आपला ओळखीचा शब्द बसवून मोकळा होतो. विलायतेतही १५९८ साली, चॉसर कवीला जाऊन दोनशे वर्षे होत आली तेव्हा, स्पेट नावाच्या संपादकाला त्याच्या ग्रंथांना जुन्या शब्दांचा कोश जोडावा लागला. पूर्वजांची भाषा परकी झाल्याची जाणीव या दोघांना वेळीच झाली, हे पुढच्या पिढ्यांचे भाग्य.

तशी जाणीव आपल्या घरातही हवी. ‘पेशवे दप्तर’ म्हटल्यावर मुलाने पाठीवरची पिशवी डोळ्यांपुढे आणली, तर हसू येते. पण माळ्यावरच्या ट्रंकेतले पणजोबांचे कागद वाचताना आपणही तेच करतो, किंवा न वाचताच दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीला घालतो. त्यांत जमिनीचे हक्क असतात, घराण्याचा इतिहास असतो. तेव्हा यंदा असे काही हाती आले, तर आधी त्यावरचा सन पाहावा. वऱ्हाडातल्या जुन्या कागदांवर तो बहुधा फसली असेल; त्यात सुमारे ५९० मिळवावे, म्हणजे इसवी सन येईल. मोडी जाणणारे कुणी गाठावे. आणि वाचता वाचता एखादा शब्द अगदी ओळखीचा वाटला, तर त्या शब्दापाशीच थोडे थांबावे.