वयात येणाऱ्यांना कोण सांगणार?

वयात येण्याच्या खुणा मुलीच्या शरीरावर पहिल्या पाळीच्या साधारण 2 वर्षे आधीच दिसू लागतात. म्हणजे तिच्याशी बोलायला घराला आणि शाळेला पुरेसा अवधी मिळतो. तरीही असंख्य मुलींना पाळीची पहिली माहिती कपड्यावर डाग पडल्यावरच मिळते. कशाला शिवायचे नाही, हे त्याच दिवशी बजावले जाते. गर्भाशयाचे अस्तर गळून पडते म्हणून रक्त येते, सुरुवातीची एक-दोन वर्षे पाळी मागेपुढे होणे स्वाभाविक आहे, हे मात्र राहूनच जाते.

पॅड आता पुष्कळ मुलींच्या हाती आले आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 15 ते 24 वयाच्या सुमारे 77 टक्के मुली पाळीत स्वच्छ साधने वापरतात. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण 58 टक्क्यांच्या आसपास होते. पण पॅड मिळाले म्हणजे शरीर कळले असे नव्हे. अंडे बहुधा पुढच्या पाळीच्या 14 दिवस आधी सुटते आणि शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात 5 दिवसांपर्यंत जगू शकतात, ही माहिती लग्न झालेल्या अनेक मुलींनाही नसते. महाराष्ट्रात तर 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधीच झालेले आढळले. मराठवाड्यातले ऊसतोड कामगार कित्येक महिने गाव सोडून फडावर जातात. वयात आलेली पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने तिचे लग्न उरकले जाते. मग स्वतःची वाढ पुरी होण्याआधीच बाळंतपण येते. त्यात रक्तक्षयाचा आणि कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढतो.

मुलग्यांशी तर कोणी बोलतच नाही. झोपेत वीर्यस्खलन होणे नैसर्गिक असते. पण ‘धातू जातो’ या भीतीने कित्येक जण भोंदूंच्या औषधांवर पैसे घालवतात. उरलेली उत्सुकता मोबाईलवरच्या अश्लील चित्रफिती भागवतात, आणि त्यांत ना समोरच्या व्यक्तीच्या संमतीचा विचार असतो, ना गर्भनिरोधनाचा.

र. धों. कर्वे यांनी 1921मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि 1927पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून त्यासाठी खटलेही सोसले. त्याच महाराष्ट्रात 2007मध्ये शाळांतला किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम विरोधामुळे थांबवला गेला, ही खेदाची गोष्ट आहे. लैंगिक शिक्षणामुळे मुले लवकर शरीरसंबंधांकडे वळतात, ही भीती युनेस्कोने घेतलेल्या जागतिक आढाव्यांत खरी ठरलेली नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग ‘तारुण्यभान’ शिबिरांतून मुलामुलींशी या विषयावर मोकळेपणाने बोलत आल्या आहेत.

2014च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात किशोरवयीनांसाठी स्वतंत्र आरोग्य केंद्रांची सोय आहे. महाराष्ट्रात ती ‘मैत्री क्लिनिक’ म्हणून ओळखली जातात. पण तिथे ओळखीचे कोणी पाहील, ही धाकधूक असतेच. शिवाय 2012च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा असल्याने तिच्या गरोदरपणाची खबर डॉक्टरला पोलिसांना द्यावी लागते. या धाकाने काही मुली दवाखाना टाळून असुरक्षित गर्भपाताचा मार्ग धरतात. सप्टेंबर 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर तोडगा दिला: मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास, कायदेशीर गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीचे नाव डॉक्टरने पोलिसांना कळवण्याची गरज नाही.