अवधान, वैशिष्ट्यांची बांधणी आणि उसातील बिबट्या
हिरव्या शेतातील एकुलते लाल फूल शोधावे लागत नाही. ते आपोआप दृष्टीस पडते. जुन्नर-आंबेगावच्या उसातील बिबट्याचे तसे नाही. त्याचा पिवळेपणा वाळलेल्या पाचटातही असतो, ठिपक्यांसारखा छायाप्रकाश पानांखालीही असतो. अ‍ॅन ट्रीझमन व गॅरी जेलेड यांनी १९८० मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार रंग, आकार इत्यादी वैशिष्ट्यांची नोंद मेंदूत स्वतंत्रपणे होते. त्यांना एका वस्तूत बांधते ते अवधान, आणि तेही एकेका स्थानी क्रमाक्रमाने. ऊसतोड मजुराचे अवधान कोयत्यावर व उसाच्या बुडख्यावर खिळलेले असते. अशा वेळी पिवळा रंग दिसतो, ठिपकेही दिसतात. त्यांचा बिबट्या होत नाही. हा मजुराचा निष्काळजीपणा खचितच नव्हे. एरवी हालचाल तेवढी चटकन लक्ष वेधते. परंतु वाऱ्याने सारा फडच हलत असता तिचाही उपयोग उरत नाही.