हंगामाआधीचा शनिवार

सकाळी ७. पेनसिल्व्हेनियातला नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांचा रायफल-हंगाम उघडतो. आधीच्या आठवड्यांत रेंजवर झुंबड उडते, ती वर्षभर कपाटात पडून राहिलेल्या रायफलींचा नेम तपासायला. मी इथला रेंज अधिकारी. टेबलांवरचं हिम खरवडलं, लाल बावटा चढवला.

साडेनऊ. एक आजोबा, चौदा वर्षांची नात आणि घरातली जुनी .३०-०६. अमेरिकी सैन्याचं १९०६ चं हे काडतूस, खांद्याला चांगलंच लागतं. पोरीची पहिली गोळी कागदाबाहेर गेली. दुसरीच्या वेळी चाप ओढण्याआधीच तिने डोळे मिटले, नळीचं तोंड खाली गेलं. भीती शरीरात शिरली की समजावून जात नाही.

मी शेडमधून स्लेड आणली. लोखंडी घडवंचीच ती. पुढे रायफल टेकवायला गादी, मागे दस्त्याची टाच बसेल अशी खोबण, खाली तबकात शिशाच्या छऱ्यांची अकरा किलोंची पिशवी. धक्का तेवढाच, पण त्याला आता हे सगळं वजन ढकलावं लागतं. खांद्यापर्यंत नुसता रेटा पोचतो.

“अजून तीन पिशव्या टाका,” आजोबा म्हणाले. मी नाही म्हटलं. स्लेड जागची हललीच नाही, तर सगळा मार दस्त्याच्या मुठीजवळ बसतो. तिथे लाकूड सगळ्यात बारीक, चिरतं तेही तिथेच. रायफलीला थोडं मागे सरकू द्यायलाच हवं.

१०. पंचवीस यार्डांवर गोळी तीन इंच डावीकडे. दुर्बिणीचा एक क्लिक शंभर यार्डांवर पाव इंच, इथे त्याचा चौथा हिस्सा. म्हणजे अठ्ठेचाळीस क्लिक. तिने ते स्वतः मोजले. मग शंभर यार्ड. तीन गोळ्या, नळी गार होईपर्यंत थांबायचं, पुन्हा तीन. शेवटची तिन्ही भोकं तिच्या तळहाताखाली सहज मावली.

१२. गोळीबार बंद, बोल्ट उघडे. शिशाची धूळ असते, साबणाने हात धुतल्याशिवाय मी डबा उघडत नाही.

२. स्लेड मी उचलून नेली. रानात ती नसणार, शिवाय खांद्यावरून झाडलेली गोळी थोडी दुसरीकडे लागू शकते. शेवटच्या तीन गोळ्या खांद्यावरूनच, हा माझा हट्ट. आजोबांना विचारून, तिच्या नकळत, दुसऱ्या जागी खोटं काडतूस भरलं.

पहिली गोळी गेली. तिने बोल्ट ओढला, श्वास सोडला, चाप दाबला.

टक्.

नळीचं तोंड हललं नाही.