हर्पिस: जोडप्यातील जोखीम आणि लाजेचे ओझे

जननेंद्रियाचा हर्पिस हा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूमुळे होणारा आजार आहे. या विषाणूचे दोन प्रकार. पहिला बहुधा लहानपणीच लागतो आणि तापानंतर ओठाच्या कडेला फोड आणतो. दुसरा मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांना दुसऱ्या प्रकाराची लागण झालेली होती. नागीण याच कुळातल्या वेगळ्या विषाणूमुळे होते. ती शरीरसंबंधातून येत नाही.

लागण त्वचेला त्वचा लागून होते. फोड असताना धोका सर्वांत जास्त. मात्र फोड नसतानाही विषाणू अधूनमधून त्वचेवर येतो, आणि पुष्कळ लोकांना लागण अशाच काळात होते. ताट-वाटी, टॉवेल किंवा संडासातून हा आजार पसरत नाही. पुरुषाकडून स्त्रीला लागण होण्याची शक्यता उलट दिशेपेक्षा अधिक असते.

विषाणू मज्जातंतूंत कायमचा दडून राहतो, त्यामुळे तो समूळ जात नाही. जोखीम मात्र बरीच कमी करता येते. आग किंवा मुंग्या जाणवू लागल्यापासून फोड पूर्ण सुकेपर्यंत संबंध टाळावा, एरवी निरोध वापरावा. निरोधाबाहेरची त्वचा उघडी राहत असल्याने संरक्षण पूर्ण नसते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,४८४ जोडप्यांपैकी निम्म्यांत बाधित जोडीदाराला रोज व्हॅलासायक्लोव्हिर दिले. आठ महिन्यांत गोळीविना ३.६ टक्के, तर गोळी घेणाऱ्यांच्या १.९ टक्के जोडीदारांना लागण झाली.

पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते २००० या काळात झालेल्या अभ्यासाने आणखी एक धोका दाखवला. हर्पिसची लागण नुकतीच झालेल्यांना एचआयव्ही होण्याचा धोका, हर्पिस नसलेल्यांच्या जवळपास चौपट होता. म्हणून निदान झाल्यावर एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी. गरोदरपणाच्या अखेरीस पहिलीच लागण झाल्यास बाळाला गंभीर धोका असतो; डॉक्टरांना ते आधी सांगावे.

औषधापेक्षा अवघड असते ते बोलणे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८९ मध्ये गडचिरोलीच्या दोन गावांतील स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, पण पूर्वी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के. अहिल्यानगर जिल्ह्यातील मिरजगावसारख्या, सारे एकमेकांना ओळखणाऱ्या गावात अशी लाज आणखी जड होते. गुप्तरोग म्हटला की नवरा-बायकोत पहिला प्रश्न उभा राहतो तो चारित्र्याचा. पहिला फोड मात्र लागणीनंतर कित्येक वर्षांनी उठू शकतो. तेवढ्यावरून कोणी कोणाला फसवले हे ठरत नाही.

सरकारी जिल्हा रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी, समुपदेशन आणि औषधे मोफत मिळतात; हर्पिससाठी ॲसायक्लोव्हिर असलेले लाल कीट दिले जाते. जोडीदारालाही तपासणीसाठी बोलावतात. त्याला शांतपणे, संबंधाआधी आणि नेमकी माहिती देऊन सांगितले, तर दोघांना मिळून काळजी घेता येते. आजार लपवल्याने मात्र लागण आणि संशय दोन्ही वाढतात.