थंड करतं ते पाणीच!

उन्हाचा पारा चढू लागला की दूध-भाजीपाला वाहणाऱ्या पिकअपच्या मालकांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, मग रेडिएटरमध्ये महागाचं कूलंट कशाला, नळाचं पाणी का नको? प्रश्न वाजवी आहे, आणि त्यामागची निम्मी समजूत तर अगदी बरोबर आहे. उष्णता वाहून नेण्यात पाण्याला तोड नाही. एक किलो पाण्याचं तापमान एका अंशाने वाढायला ४.१८ किलोज्यूल लागतात. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल अशा मिश्रणाला साडेतीनच्या आसपास पुरतात. म्हणजे त्याच पंपाने फिरवलं तर मिश्रण पाण्यापेक्षा कमीच उष्णता उचलतं. थंड करण्याचं काम पाणीच करतं. डब्यातलं रंगीत द्रव्य असतं ते त्या पाण्याला आणि इंजिनाच्या धातूला सांभाळण्यासाठी. घरी कूलंट बदलायला बसणाऱ्याने एवढं मनाशी पक्कं केलं, तर पुढचे निर्णय आपोआप सुचतात.

याचा सर्वांत सुंदर पुरावा विमानविद्येत सापडतो. रोल्स-रॉईसच्या मर्लिन इंजिनाच्या सुरुवातीच्या आवृत्त्या निव्वळ ग्लायकॉलवर चालत. ते १९७ अंशांना उकळतं, त्यामुळे इंजिन जास्त तापू देता येतं आणि रेडिएटर लहान ठेवता येतो. पण ते पेटही घेतं. १९४० च्या सुमारास स्पिटफायर मार्क २ मध्ये बसलेल्या मर्लिन १२ ने ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल हा मार्ग धरला. आगीचा धोका टळला, गळती घटली, इंजिनाचं आयुष्य वाढलं. हे ग्लायकॉल पहिल्यांदा तयार केलं शार्ल-अदोल्फ वुर्ट्झ या फ्रेंच रसायनज्ञाने, १८५६ मध्ये, म्हणजे बेंझच्या मोटारगाडीच्या ३० वर्षं आधी. साध्या अल्कोहोलच्या रेणूत एक हायड्रॉक्सिल गट, ग्लिसरीनमध्ये तीन. तर मग दोन गटांचा पदार्थ असलाच पाहिजे, असं त्याचं अनुमान होतं आणि त्याने तो करून दाखवला. अणूंचं अस्तित्व मानायला फ्रान्समधले बडे रसायनज्ञ तयार नव्हते, त्या काळातलं हे काम आहे. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत वुर्ट्झ आहे. गाड्यांच्या पुस्तकांतही तो असायला हवा. त्याच दोन गटांमुळे ग्लायकॉल पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतं. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांना गोठतं, पाणी शून्याला. निम्मं-निम्मं मिश्रण मात्र जवळपास उणे ३७ पर्यंत तग धरतं!

आपल्याला भीती गोठण्याची नाही, उकळण्याची. इथेही हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरसारखं सुमारे एक बारचा जादा दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली मिश्रण १२८ अंशांच्या आसपास उकळतं, पण साधं पाणीही १२० पर्यंत जातं. फरक आठेक अंशांचा. घाट चढताना तो मोलाचा असला, तरी केवळ त्यासाठी कूलंटचा आग्रह धरता येणार नाही. खरं कारण गंज. लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, जुन्या रेडिएटरमध्ये तांबं-पितळ, आणि सगळ्यांमधून फिरणारं एकच गरम पाणी. बोअरच्या पाण्यातले क्षार नेमके सर्वांत तापलेल्या जागी थर धरतात. क्लोराइड ॲल्युमिनियमला भोकं पाडतात. डिझेल इंजिनाचे लायनर प्रत्येक ठोक्याला थरथरतात, त्यांच्या बाहेरच्या अंगाला सूक्ष्म बुडबुडे बनून फुटतात आणि धातू टवके टवके निघतो. हे सगळं रोखतात ती सिलिकेट, नायट्राइट, सेंद्रिय आम्लांचे क्षार यांसारखी रसायनं, आणि ती वापरात खर्ची पडतात. म्हणूनच ‘अजून हिरवंगार दिसतंय’ ही सबब टिकत नाही. रंग वेगळा मिसळलेला असतो. हायड्रोमीटरही फक्त ग्लायकॉलचं प्रमाण सांगतो, संपलेल्या रसायनांबद्दल चकार शब्द काढत नाही. सिलिकेटचं कूलंट साधारण दोन वर्षं, सेंद्रिय आम्लांचं पाचेक वर्षं टिकतं; दोन्हींची भेसळ केली तर आयुष्य कमी होतं. ‘लाइफटाइम’ या छापील शब्दापेक्षा गाडीच्या पुस्तिकेतली मुदत आणि प्रकार पाळावा.

काम करायचं ते इंजिन पूर्ण गार असताना. तापलेलं झाकण उघडलं की दाब सुटतो आणि शंभराच्या वरचं पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. रेडिएटरचा ड्रेन कॉक उघडल्यावर येतं ते सगळं जुनं कूलंट नव्हे. थर्मोस्टॅट बंद असल्याने ब्लॉकमधलं बरंचसं आतच राहतं. म्हणून बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, भरून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा काढायचं. स्वच्छ पाणी येईपर्यंत. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. समजा एकूण मावतं ८ लिटर आणि ३ लिटर पाणी ब्लॉकमध्ये अडकलं आहे. त्यावर ५ लिटर तयार मिश्रण ओतलं, तर ग्लायकॉल भरतं जेमतेम ३१ टक्के, आणि रक्षक रसायनंही त्याच मापाने पातळ होतात. अशा वेळी ४ लिटर दाट कूलंट आधी आणि १ लिटर डिस्टिल्ड वॉटर नंतर, असा क्रम हवा. मग झाकण उघडं ठेवून गार इंजिन सुरू करायचं, एअर लॉक निघेल, पातळी उतरेल तसतशी भर घालायची. हवा अडकून सेन्सर कोरडा राहिला, तर इंजिन तापूनही काटा खालीच राहतो.

काढलेलं कूलंट गटारात किंवा झाडांच्या आळ्यात ओतू नका. ते गोडसर लागतं, कुत्री-मांजरं चाटतात. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि त्याचे कॅल्शियमसह बनलेले स्फटिक मूत्रपिंडं बंद पाडतात. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, ते ग्लिसरीनमध्ये भेसळ झालेल्या डायइथिलीन ग्लायकॉलमुळे, म्हणजे याच्या सख्ख्या भावंडामुळे. जुनं कूलंट झाकणबंद कॅनमध्ये भरा, वर ठळक अक्षरांत ‘विष’ लिहा, पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका आणि वापरलेलं तेल जमा करणाऱ्या गॅरेजमध्ये चौकशी करून द्या. कुणाच्या पोटात गेलंच, तर लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. यावर उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तरच कामी येतो.