के-वन: स्टेडियम भरलेलं, पण देणी थकलेली

या आठवड्याचा व्हिडिओ देणी आणि उधारीवर होता. त्यालाच जोडून आज एक जपानी उदाहरण घेऊया. किकबॉक्सिंग बघत नसाल तरी वाचा, कारण मुद्दा गल्ल्याचा आहे.

काझुयोशी इशिई हे कराटेचे शिक्षक. १९८० मध्ये त्यांनी सेइदोकाईकान ही स्वतःची कराटे संस्था काढली. त्या काळी कराटे, किकबॉक्सिंग, कुंग फू अशा प्रत्येक प्रकाराच्या स्पर्धा वेगळ्या आणि नियमही वेगळे. प्रेक्षकाला मात्र एकच प्रश्न पडायचा: या सगळ्यांत भारी कोण? इशिईंनी नेमका हाच प्रश्न विकायला काढला. तिन्ही खेळांचं इंग्रजी आद्याक्षर ‘के’, आणि पहिला नंबर एकाचाच, म्हणून नाव ‘के-वन’.

३० एप्रिल १९९३ रोजी टोकियोच्या योयोगी जिम्नॅशियममध्ये पहिली ग्रां प्री झाली. आठ लढवय्ये आणि एकच रात्र. हरला तो बाहेर, जिंकायचं तर त्याच रात्री तीन लढती. क्रोएशियाच्या ब्रान्को सिकाटिचने फायनलमध्ये नेदरलँड्सच्या अर्नेस्टो होस्टला नॉकआउट केलं. नवख्या माणसालाही पाच मिनिटांत समजेल असा खेळ! ग्राहकाला समजावत बसावं लागत नाही, तो माल निम्मा विकलेलाच असतो.

पुढे पीटर आर्ट्स तीनदा जिंकला, १९९६ मध्ये स्वित्झर्लंडचा अँडी हूग जिंकला. फायनल थेट टोकियो डोममध्ये होऊ लागली. होस्ट तर चार वेळा चॅम्पियन. त्यातलं २००२ चं विजेतेपद बघा: क्वार्टर फायनलमध्ये तो बॉब सॅपकडून हरला, पण सॅपला दुखापत झाली. त्याच्या जागी होस्टला परत बोलावलं आणि तो त्याच रात्री चॅम्पियन झाला. नंतर सेमी शिल्टनेही चार विजेतेपदं मिळवली.

एक गोष्ट इथे लक्षात घ्या. १९९३ ते २०१० या काळात ही मोठ्या वजनाची ग्रां प्री एकाही जपानी लढवय्याला जिंकता आली नाही. मग २००२ मध्ये ७० किलोचा ‘के-वन मॅक्स’ सुरू केला आणि २००३ मध्ये तिथे जपानचा मासातो जिंकला. घरच्या ग्राहकाला आपला हिरो मिळाला.

एवढं सगळं जमलं, मग अडलं कुठे? तर हिशोबात.

२००३ मध्ये इशिईंना करचुकवेगिरीच्या प्रकरणात अटक झाली, पुढे शिक्षाही झाली. एफईजी नावाच्या कंपनीने कारभार हाती घेतला. शो चालूच राहिले, पण हळूहळू लढवय्यांचं मानधन थकू लागलं. ज्यांना बघायला लोक तिकीट काढतात, त्यांचेच पैसे अडकले! २०१० ची ग्रां प्री अॅलिस्टर ओव्हरीमने जिंकली, आणि एफईजीच्या काळातली मोठ्या वजनाची ती शेवटची ग्रां प्री ठरली. २०१२ मध्ये एफईजी दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी ‘ग्लोरी’ ही नवी स्पर्धा सुरू झाली आणि बरीच मोठी नावं तिकडे गेली.

के-वन हे नाव मात्र मेलं नाही. ते विकलं गेलं आणि २०१४ मध्ये जपानमध्ये नव्या व्यवस्थापनाखाली, वेगवेगळ्या वजनगटांत पुन्हा उभं राहिलं. ताकेरूने तीन वजनगटांत विजेतेपद मिळवलं. म्हणजे ब्रँड टिकला, पण ज्यांनी उभा केला त्यांच्या हातात राहिला नाही.

आता आपल्या धंद्याकडे या. तीन कामं आजच करा.

पहिलं, कराचे पैसे आपले समजू नका. जीएसटी गल्ल्यात आला की वेगळ्या खात्यात टाका.

दुसरं, ज्यांच्या जिवावर धंदा चालतो त्यांची यादी करा: कारागीर, कामगार, माल देणारे. त्यांचे पैसे आधी, दुकानाची नवी सजावट नंतर. माझ्या दुकानात पगाराची रक्कम महिन्याच्या वीस तारखेलाच बाजूला निघते.

तिसरं, गर्दी म्हणजे नफा नव्हे. दिवसाची विक्री किती हे सगळेच सांगतात. आज सगळी देणी भागवली तर हातात किती उरेल, हा आकडा काढा.

तुमचा हा आकडा अधिक आला की उणे? कमेंटमध्ये फक्त तेवढं लिहा. उणे आला असेल तर लाजू नका, पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलूया.