थरथरत्या हातावर किरणांचा उपाय

सही जुळत नाही म्हणून बँकेतून चेक परत येतो. वाटीतली आमटी चमच्याने तोंडापर्यंत न्यावी, तर निम्मी सदऱ्यावर सांडते. इसेन्शियल ट्रेमरचा हात मांडीवर ठेवला की शांत असतो, कामाला लावला की कापतो. पार्किन्सन्समध्ये बहुधा याच्या उलट. प्रोप्रानोलॉल आणि प्रिमिडोन ही यावरची नेहमीची औषधं. पण ती सगळ्यांना लागू पडत नाहीत, आणि दमेकऱ्याला प्रोप्रानोलॉल देणंच धोक्याचं.

अशा वेळी गॅमा नाइफचा विचार होतो. कवटी न उघडता किरणांनी मेंदूतला ठरावीक बिंदू गाठायची कल्पना स्टॉकहोमचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१मध्ये मांडली. आजच्या यंत्रात कोबाल्ट-६०चे १९२ स्रोत असतात. एकटा किरण क्षीण, वाटेतल्या पेशींना त्याची झळ फारशी लागत नाही. सगळे जिथे मिळतात त्या ठिपक्यात मात्र एकाच बैठकीत १३० ग्रेच्या आसपास मात्रा पोचते. कर्करोगाच्या गाठीला साधारण ६० ग्रे द्यायचे, तर तेही सहा आठवड्यांत विभागून देतात!

हा ठिपका थॅलॅमसमध्ये, ‘व्हिम’ नावाच्या केंद्रात असतो. लहान मेंदूकडून येणारे संदेश इथून पुढे जातात. पंचाईत अशी, की नेहमीच्या एमआरआयमध्ये व्हिम वेगळा उठून दिसत नाही. मेंदूतल्या ठळक खुणांपासून मोजमाप करून तो ठरवावा लागतो. शेजारूनच स्नायूंना हुकूम नेणारे तंतू जातात. म्हणून डोक्याला चार स्क्रूंनी चौकट घट्ट बसवतात. त्याआधीची भुलीची इंजेक्शनंच काय ती दुखतात. पुढे रुग्ण जागाच असतो.

आणि हात? घरी जाताना तो तसाच कापत असतो. ठिपक्यातल्या पेशींवर परिणाम व्हायला काही आठवडे, बऱ्याचदा महिने लागतात. मला या उपचाराची खरी उणीव इथे दिसते. मेंदूत तार बसवणाऱ्या डीबीएसमध्ये विद्युतप्रवाह कमी-जास्त करता येतो, बंदही करता येतो. इथे आधी चाचणी नाही, नंतर माघार नाही. क्वचित परिणाम अपेक्षेबाहेर पसरतो. मग बधिरपणा, अशक्तपणा किंवा बोलण्यात जडपणा येऊ शकतो. त्यामुळे सहसा एकाच बाजूवर, म्हणजे जास्त कामाच्या हातासाठी, उपचार करतात.

तरीही वय झालेल्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवणं ज्यांना परवडणारं नाही अशा रुग्णांना ही थांबायची तयारी ठेवावीशी वाटते. कवटीला भोक पाडायचं नसल्यामुळे त्यांच्या गोळ्या सहसा चालू ठेवता येतात.